हिरवं तांबं, काळं जस्त

मुंबईतल्या काळा घोडा चौकाचं नाव एका पुतळ्यावरून पडलं. घोड्यावर बसलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा तो ब्राँझचा पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि १८७९ मध्ये तो तिथे उभा राहिला. १९६५ मध्ये त्याला उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलं, पण नाव चौकापाशीच राहिलं. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. नुकतंच ओतलेलं ब्राँझ सोनेरीकडे झुकणारं दिसतं. त्यावर येणारा काळेपणा हा रंगाचा हात नसतो. धातूचा अगदी वरचा, केसाहूनही पातळ थर हवेतल्या किंवा रसायनांतल्या घटकांशी जोडला जातो आणि तिथे नवाच पदार्थ तयार होतो. हा थर म्हणजे पॅटिना.

दिवाणखान्यात ठेवायच्या ‘जुन्या’ समया, हिरवट बुद्ध, काळपट मूठ असलेल्या कड्या आज कुठेही मिळतात. त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर नुसता रंग असतो. नखानं खरवडला की सालपटासारखा निघतो, आणि निघाला नाही तरी त्यात खोली नसते. खरा पॅटिना धातूतूनच उगवलेला असतो. तो खोबणीत दाट आणि उंचवट्यावर विरळ असतो, उजेड बदलला की त्याची छटाही बदलते. तो घरीही करता येतो, आणि लागणारं निम्मं सामान स्वयंपाकघरात असतं. मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी लागते. इथे आपण रंग लावत नाही. गंजण्याची जी क्रिया निसर्गात वर्षानुवर्षं चालते, ती आपण थोड्या तासांत घडवून आणतो आणि हव्या त्या ठिकाणी थांबवतो. सगळं कसब या थांबवण्यात आहे.

तांब्यापासून सुरुवात करणं सर्वांत चांगलं, कारण रंगांची इतकी मोठी पेटी दुसऱ्या कुठल्याच साध्या धातूकडे नाही. घासून लख्ख केलेला पत्रा हवेत ठेवला की ऑक्सिजन त्यावर काम सुरू करतो. आधी लालसर ऑक्साइड बनतं, त्यानं पत्रा विटकरी-तपकिरी होतो. उष्णता किंवा वेळ मिळाला तर त्यावर काळं ऑक्साइड चढतं. हवेत गंधक असेल तर काळपट सल्फाइड बनतं. पाऊस, कार्बन डायऑक्साइड आणि धुरातली आम्लं यांची गाठ पडली की हिरव्या रंगाची क्षारकुटुंबं जन्म घेतात. शहरी हवेत मुख्यतः तांब्याचं सल्फेट, समुद्रकाठी क्लोराइड, ओलसर मातीत कार्बोनेट. तिघांचा हिरवा वेगळा असतो आणि सरावलेल्या डोळ्याला तो ओळखू येतो.

न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा हे याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याची कातडी म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा. १८८६ मध्ये अनावरण झालं तेव्हा देवी तांब्याच्याच रंगाची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हिरवी पडली. १९०६ मध्ये तिला रंग द्यावा अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा लोकांनी विरोध केला, आणि लष्करी अभियंत्यांनी पाहणी करून सांगितलं की हा हिरवा थर तांब्याची नासाडी करत नाही, उलट राखण करतो. ते खरं निघालं. शंभर वर्षांत पत्र्याची झीज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच झाली. तांब्याचा हा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूपर्यंत हवा-पाणी सहज पोचू देत नाही. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि दर वेळी खालचं ताजं लोखंड उघडं पाडतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली पायरी कंटाळवाणी आहे आणि तिच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे: सफाई. बाजारातून आणलेल्या पितळी किंवा तांब्याच्या शोभेच्या वस्तूवर बहुतेक वेळा लॅकरचा पारदर्शक लेप असतो. तो थिनरनं किंवा अ‍ॅसिटोननं पूर्ण उतरवावा लागतो. त्याखालचा धातू उघडा पडला तरच रसायन काम करेल. मग बारीक पॉलिश पेपर किंवा घासणी घेऊन एकाच दिशेनं घासावं. जुना काळेपणा काढायला चिंच उत्तम. तिच्यातलं आम्ल ऑक्साइड विरघळवतं, म्हणून तर देवाची भांडी शतकानुशतकं चिंचेनं निघत आली आहेत. पण चिंचेनंतर साबणानं तेलकटपणा काढणं राहू देऊ नये. बोटाच्या एका ठशातलं तेल पुरे असतं, नंतर तिथे नेमका अंगठ्याच्या आकाराचा चकाकता डाग राहतो. सफाई झाली की नाही हे पाहायची खूण सोपी आहे. वस्तूवर पाणी ओतावं. पाणी सलग पातळ पडद्यासारखं पसरलं तर धातू तयार आहे. कुठे थेंब गोळा होऊन ओघळले, तर तिथे अजून तूप-तेल आहे. एकदा ही परीक्षा पास झाली की पुढे हातमोजे घालूनच वस्तू धरावी.

एक सूचना इथेच द्यायला हवी. हे सारं शोभेच्या वस्तूंसाठी. पाणी प्यायच्या तांब्यावर, ताटा-वाट्यांवर हे काम करू नये. तांब्याचे हिरवे क्षार पोटात जाणं चांगलं नाही. कल्हईवाल्याकडून कल्हई करून घ्यायची पद्धत आपल्याकडे उगाच पडली नाही.

काळ्या आणि तपकिरी छटांचा मालक गंधक आहे. सोनारांच्या सामानाच्या दुकानात ‘लिव्हर ऑफ सल्फर’ या नावानं पिवळट-करडे खडे मिळतात. पोटॅशियम आणि गंधकाच्या संयुगांचं ते मिश्रण असतं. वाटाण्याएवढा खडा पेलाभर गरम पाण्यात विरघळवला की फिकट पिवळं द्रावण तयार होतं आणि सोबत कुजक्या अंड्याचा वास येतो. पादेलोणाला येतो तोच वास, कारण वायूही तोच. खोलीत खिडक्या उघड्या असाव्यात. या द्रावणात आम्ल कधीही टाकू नये. आम्ल पडलं की हाच वायू मोठ्या प्रमाणात सुटतो आणि तो विषारी आहे.

द्रावण पातळ ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. घट्ट द्रावणात तांब्याचा तुकडा क्षणात काळा पडतो, पण तो काळा ठिसूळ असतो, पोपडे धरतो. पातळ, गरम द्रावणात तुकडा बुडवायचा, दोन-तीन सेकंदांनी काढायचा, वाहत्या पाण्याखाली धुवायचा, पाहायचा, पुन्हा बुडवायचा. मग एक सुंदर क्रम दिसू लागतो. आधी सोनेरी पिवळसर, मग नारिंगी-लाल, मग जांभळा, मग निळा, आणि शेवटी तपकिरी ते काळा. यातले मधले रंग रंगद्रव्याचे नाहीतच. सल्फाइडचा थर इतका पातळ असतो की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे काही रंग मिटतात, काही उजळतात. रस्त्यावरच्या ओल्या डांबरावर सांडलेल्या पेट्रोलचे रंग असेच बनतात. म्हणून जांभळा रंग आवडला तर तिथेच थांबायचं, गार पाण्यात बुडवायचं, मग खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं. एक बुडी जास्त झाली तर तो गेला. परत मिळवायचा तर सगळं घासून पहिल्यापासून सुरुवात.

चांदीवरही हेच रसायन चालतं. हुपरीपासून सराफ कट्ट्यापर्यंत सगळीकडे दिसणारे काळपट ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने हे चांदीवरच्या सल्फाइडचे आहेत. तिथे आधी पूर्ण दागिना काळा करतात आणि मग उंच भाग घासून पुन्हा उजळतात. नक्षीच्या तळाशी काळोख राहतो, कडा चमकतात, आणि नुसत्या पांढऱ्या चांदीत जी फुलं सपाट वाटली असती ती उठून दिसतात. माझ्या मते पॅटिनाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. जुनेपणा हा त्याचा एक परिणाम झाला, मुख्य काम आहे आकार वाचता येण्याचं. सपाट पत्र्यापेक्षा नक्षीदार वस्तूवर तो अनेक पटींनी शोभतो, म्हणून पहिला प्रयोग करायला एखादं ठोक्याचं किंवा कोरीव काम निवडावं. पुण्याच्या तांबट आळीतल्या माठारकामासारखे हातोडीचे ठसे असलेलं तांबं तर या कामासाठीच बनलंय असं वाटतं. प्रत्येक ठशाच्या खोलगटात गडद छटा थांबते आणि कडेवर तांबं झळकतं.

रसायन हाताळायचं नसेल त्यांच्यासाठी अंडं आहे. दोन अंडी कडक उकडावीत, गरम असतानाच चिरून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि शेजारी, अंड्याला न टेकवता, चांदीचा किंवा तांब्याचा तुकडा ठेवावा. अंड्यातून सुटणारा गंधकाचा वायू हळूहळू त्याला तपकिरी करतो. वेग कमी असल्यामुळे हवी ती छटा पकडणं सोपं जातं.

पितळ मात्र या बाबतीत हट्टी आहे. त्यातलं जस्त गंधकाला फारसा प्रतिसाद देत नाही आणि रंग मळकट, डागाळलेला येतो. यावर जुनी युक्ती अशी: जस्त पृष्ठभागावर कमी करायचं किंवा तांबं वाढवायचं. पितळ आम्लात थोडा वेळ राहिलं तर वरचं जस्त निघून ते गुलाबी दिसू लागतं, हे चिंचेत विसरलेल्या घंटीवर अनेकांनी पाहिलं असेल. मोरचुदाच्या आम्लमिश्रित पाण्यात पितळेला लोखंडी तार टेकवून ठेवली तर त्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढतो. एवढं झालं की गंधक मुकाट्यानं आपलं काम करतो.

हिरव्याचा रस्ता वेगळा. त्याला मीठ, आम्ल, अमोनिया यांच्यापैकी दोन तरी लागतात, ओल लागते, आणि सगळ्यांपेक्षा जास्त धीर लागतो. सर्वांत भरवशाची पद्धत वाफेची आहे. वाटीभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून ते स्वच्छ तांब्यावर बारीक फवारायचं. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळाशी छोट्या बशीत अमोनियाचं पातळ द्रावण ठेवायचं आणि त्याच्या वर, लाकडी काड्यांच्या तिवईवर, वस्तू. झाकण लावायचं. डबा गच्चीत किंवा गॅलरीत असावा. अमोनिया डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतो, आणि ब्लीचशी तर त्याची भेट कधीच होऊ देऊ नये. डब्यातल्या हवेत अमोनिया, ओल आणि ऑक्सिजन एकत्र आले की तांबं विरघळू लागतं, मिठातलं क्लोराइड त्याला पकडतं, आणि काही तासांत पृष्ठभागावर गर्द निळ्या-मोरपिशी रंगाचे ठिपके उगवतात. साधारण एका रात्रीनंतर वस्तू बाहेर काढावी आणि हात न लावता दोन दिवस वाळू द्यावी. ओलेपणी जो निळा जवळजवळ काळा वाटतो, तो वाळल्यावर फिका, हिरवट होतो. नवशिक्यांची फसगत इथे होते. ओल्या रंगावर भाळून ते तिथेच थांबतात, किंवा रंग आलाच नाही असं समजून पुन्हा रसायन ओततात. वाळेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. मग पुन्हा फवारा, पुन्हा डबा, पुन्हा वाळवण. एकाच दाट थरापेक्षा चार विरळ थर नेहमी जास्त घट्ट बसतात. दाट थर भुकटीसारखा झडतो.

ठिपक्याठिपक्यांचा, जमिनीतून काढल्यासारखा पोत हवा असेल तर लाकडाचा भुसा घ्यावा. व्हिनेगर आणि मिठानं तो ओलसर करावा. मुठीत दाबला तर पाणी गळू नये इतपतच. प्लॅस्टिकच्या पिशवीत वस्तूभोवती तो चेपून भरावा आणि पिशवी बांधून एक-दोन दिवस ठेवावी. जिथे भुशाचा कण टेकला तिथे रंग दाट, जिथे पोकळी राहिली तिथे विरळ. ही नक्षी हातानं काढता येत नाही, आणि कुठलीही दोन सारखी येत नाहीत.

अमोनियाबद्दल एक इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण तो आपल्याच पावसाळ्यातला आहे. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं भारतात साठवलेली असताना पावसाळ्याच्या दिवसांत आपोआप तडकायची. ती अनेकदा तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण होतं, आणि त्याची शास्त्रीय उकल १९२१ मध्ये झाली. पत्रा दाबून, ओढून काडतूस बनवताना धातूत ताण अडकून राहतो. तसा ताणलेला पितळी पत्रा अमोनियाच्या सान्निध्यात बारीक भेगा धरून फुटतो. म्हणून दाबून बनवलेल्या पातळ पितळी फुलदाणीला अमोनियाच्या डब्यात ठेवण्याआधी तापवून हळू गार करणं, म्हणजे तिचा ताण सैल करणं, आवश्यक आहे. ओतीव पितळेला हा धोका बराच कमी. शक्य असेल तर हिरव्या रंगासाठी तांबंच घ्यावं.

मूर्तिकारांच्या ओतशाळेत काम याहून वेगानं चालतं, कारण तिथे आग असते. ब्राँझची मूर्ती ब्लो-टॉर्चनं इतकी तापवतात की शिंतोडा उडवला तर पाणी चर्र करून लगेच नाहीसं व्हावं. मग ब्रशनं किंवा फवाऱ्यानं क्षारांची द्रावणं एकावर एक चढवतात. तळाला गंधकाचा गडद तपकिरी. त्यावर लोखंडाच्या नायट्रेटचे सोनेरी ते तांबूस तपकिरी थर. हिरवा-निळा हवा तिथे तांब्याचं नायट्रेट. तापलेल्या धातूवर पाणी उडून जातं, क्षार तिथल्या तिथे फुटून ऑक्साइड होतो आणि घट्ट चिकटतो. धातू फार गार असेल तर द्रावण ओघळतं, फार तापलेला असेल तर ते पृष्ठभागाला टेकण्याआधीच उडतं आणि मागे सुटी भुकटी राहते. कारागीर हे तापमान आवाजावरून ओळखतो. शेवटी मूर्ती गरम असतानाच मेण फासतात, ते वितळून बारीक छिद्रांत शिरतं. नायट्रेट तापल्यावर निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना अपायकारक असतो, तेव्हा हे काम मोकळ्या जागेत, योग्य मास्क लावून, शक्यतो जाणत्याच्या हाताखालीच शिकावं.

या सगळ्या पद्धतींत मला सर्वांत थोर वाटते ती बिदरची. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेलं हे शहर पंधराव्या शतकात बहामनी राजधानी झालं. तिथला बिदरी हा धातुकामाचा प्रकार काळ्या जमिनीवर चमकणाऱ्या चांदीच्या वेलबुट्टीसाठी ओळखला जातो, आणि २००६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातला काळा हा पॅटिनाच आहे. नंतर सुचलेली सजावट म्हणून तो येत नाही. वस्तू ओतण्याआधी, मिश्रधातू ठरवतानाच त्या काळ्याची तजवीज केलेली असते.

धातू असतो बहुतांशी जस्त, त्यात थोडं तांबं. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं. वाळूच्या साच्यात तो ओतून हुक्क्याचा घडा, सुरई, डबी असं काहीतरी घडवतात. कानशीनं ते गुळगुळीत झालं की रंग निघतो शिशासारखा करडा, आणि त्यावर नक्षी काढली तर रेघ दिसत नाही. म्हणून मोरचुदाचं पाणी चोळून वस्तू तात्पुरती काळी करतात. जस्त मोरचुदातलं तांबं ओढून घेतं आणि बारीक काळा थर बसतो. या काळ्यावर टोकदार सळईनं काढलेली रेघ पांढरी उमटते. वस्तू राळेच्या गोळ्यात पक्की बसवून कारागीर छोट्या छिन्न्यांनी त्या रेघा खोदतो, खोबणींत चांदीची तार किंवा पत्र्याचे तुकडे ठोकून बसवतो. मग पुन्हा कानस, पुन्हा घासणं. तो तात्पुरता काळा निघून जातो. या क्षणी वस्तू पाहिली तर निराशा व्हावी. करड्या जस्तात पांढरी चांदी जवळजवळ नाहीशी झालेली असते, आठवड्यांची मेहनत शोधून काढावी लागते.

मग येते माती. बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या भागांतली, जिच्यावर वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पडलेला नाही अशी. कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. ही माती आणि नवसागर पाण्यात कालवून उकळतात, वस्तू किंचित तापवून त्यात बुडवतात किंवा तिला हा लेप चोळतात. बघता बघता करडं जस्त दाट, मखमली काळं होतं, आणि चांदीला मात्र काहीच होत नाही. वस्तू बाहेर काढून धुतली की दडलेली नक्षी एकदम समोर उभी राहते. शेवटी तेलाचा हात, त्यानं काळा आणखी खोल होतो.

जादूसारखी वाटणारी ही गोष्ट रसायनानं समजते. नवसागर पृष्ठभागावरचं जस्त काही अंशी विरघळवून नेतो. मागे राहणाऱ्या थरात तांब्याचा वाटा वाढतो, आणि मातीतल्या सोऱ्यासारख्या क्षारांच्या मदतीनं त्याचं काळं संयुग बनतं. म्हणजे त्या सोळाला एक भाग तांब्याशिवाय बिदरीचा काळा नाही. निव्वळ जस्ताला असा रंग चढत नाही. चांदी या मिश्रणाला दाद देत नाही, म्हणून एकाच बुडीत एक धातू काळा आणि दुसरा पांढरा राहतो. जपानी कारागिरांनीही हीच वाट वेगळ्या रीतीनं शोधली. ते तांब्यात थोडंसं सोनं मिसळून ‘शाकुदो’ बनवतात. दिसायला ते तांब्यासारखंच. मुळ्याच्या किसाच्या पाण्यातून काढून तांब्याच्या क्षारांच्या सौम्य द्रावणात उकळलं की ते जांभळट निळं-काळं होतं, आणि शेजारी जडवलेलं शुद्ध सोनं तसंच पिवळं राहतं. बिदर आणि जपान, दोन्हीकडे पृष्ठभागाचा रंग धातूच्या पोटात आधीच पेरलेला आहे.

लोखंडाविषयी थोडक्यात. पॉलिश केलेलं पोलाद तापवत नेलं तर सुमारे २२० ते २३० अंश सेल्सियसला गवती पिवळं दिसतं, २८०च्या आसपास जांभळं, ३००जवळ निळं. हेही पातळ थराचेच रंग, आणि लोहार छिन्नीला पाणी देताना हेच पाहतो. गंजाचा तांबूस पोत हवा असेल तर व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर मीठ यांचं मिश्रण फवारलं की मिनिटांत केशरी रंग फुलतो. मग नीट धुऊन, वाळवून, मेण किंवा जवसाचं तेल. आजकाल बंगल्यांच्या दर्शनी भागांना गंजका दिसणारा खास पोलादी पत्रा लावायची पद्धत आली आहे. त्यात तांबं, क्रोमियम असे घटक असल्यामुळे त्याचा गंज घट्ट बसतो, पण ओल आणि कोरडेपणा आलटून पालटून मिळाला तरच. कोकणच्या खाऱ्या हवेत, जिथे पत्रा चार महिने वाळतच नाही, तो थर स्थिरावत नाही. अलिबागला किंवा मालवणला घर बांधणाऱ्यांनी मासिकातल्या छायाचित्रावर भुलू नये.

आता थांबवण्याचं काम. रंग मनासारखा आला की वस्तू भरपूर साध्या पाण्यात धुवावी, विशेषतः मीठ वापरलं असेल तर. मिठातलं क्लोराइड थराखाली अडकून राहिलं तर ते तांब्याचं क्लोराइड बनून झोपलेलं असतं. पावसाळ्यात ओल लागली की ते जागं होतं, आम्ल तयार करतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, आणि फिकट हिरव्या भुकटीचे फोड उगवत राहतात. याला ब्राँझरोग म्हणतात आणि उत्खननातल्या वस्तूंची राखण करणाऱ्यांना त्याची फार धास्ती असते. खरा पॅटिना घट्ट आणि गुळगुळीत असतो. बोटानं पुसली जाणारी फिकी पूड दिसली तर ती शोभा नाही, आजार आहे. अशी वस्तू कोरड्या जागी वेगळी ठेवावी.

धुतलेली वस्तू पूर्ण वाळवून किंचित गरम करावी. उन्हात तासभर पुरतं. मग मधमाशांचं मेण टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सुती कापडानं चोळावं. मेणानं रंग थोडा गडद होतो आणि हिरव्याचा पिठूळपणा जातो, तेव्हा आधी एखाद्या कोपऱ्यावर करून पाहावं. पिठूळ, कोरडा हिरवाच हवा असेल तर मॅट लॅकरचा हलका फवारा बरा, पण लॅकरला एकदा ओरखडा गेला की तिथून ओल शिरते आणि डाग पसरतो. मेण मात्र कधीही पुन्हा लावता येतं, म्हणून मी मेणाच्या बाजूचा आहे. बाहेर ठेवायच्या वस्तूला दर वर्षी पावसाआधी एक हात द्यावा. घरातल्या वस्तूला दोन-तीन वर्षांनी चालतो. ब्रासो, पितांबरी, चिंच यांच्यापासून ती दूर ठेवावी आणि घरात भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगून ठेवावं.

जिथे काळानं आपलं काम आधीच केलेलं आहे तिथे हात लावू नये. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले धातूचे रथ, हत्ती, गेंडा, रेडा पाहावेत. हजारो वर्षांचा तो पृष्ठभाग म्हणजे त्या वस्तू कुठल्या मातीत, कशा ओलीत पडून होत्या याची नोंद आहे. आजीच्या पेटीतली जुनी नाणी, वाड्यातल्या मूर्ती चकचकीत करून ही नोंद पुसली जाते आणि किंमतही घटते. आणि नव्या वस्तूवर चढवलेला जुनेपणा खरा म्हणून विकू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची शिल्पं, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात, त्यांच्या विक्रीला परवाना लागतो, आणि ‘ही पुरातन आहे’ असं सांगणं हा गंभीर दावा आहे. विकत घेणाऱ्यानं भिंग वापरावं. जमिनीत वाढलेल्या थरात हिरव्याखाली लाल ऑक्साइड असतं, त्याखाली धातू, आणि स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतात. घाईनं केलेल्या थरात हिरवा थेट पिवळ्या धातूवर बसलेला असतो. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा लपलेल्या जागी फिरवला आणि तो हिरवा झाला, तर तो रंग आहे.

आपण केलेल्या वस्तूच्या बुडाला, न पुसणाऱ्या पेननं, चार शब्द लिहून ठेवावेत: कुठला धातू, कुठलं रसायन, कुठलं वर्ष, मेण की लॅकर. वीस वर्षांनी तिला फोड आले, किंवा कुणाला तिचा रंग पुन्हा जमवावासा वाटला, तर सुरुवात कुठून करायची हे त्याला तिथे वाचता येईल.